मॉनिटरवर ९५ आहे, मग मेंदूला किती पोचतोय? पेटीतल्या बाळाच्या ऑक्सिजनची गोष्ट

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. लोणावळा-पुणे लोकलच्या गोंगाटात ज्यांना नीट ऐकू आलं नाही, किंवा ज्यांनी "ताई, आकडे लिहून द्या ना" असा मेसेज टाकला, त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'अं' आणि 'काय म्हणत होते मी' काढून टाकलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. कामशेतच्या एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली होती: "ताई, बहिणीचं बाळ सातव्या महिन्यात झालं. पुण्याला पेटीत ठेवलंय. मॉनिटरवर ऑक्सिजन ९५ दाखवतोय. म्हणजे डोक्यालाही नीट पोचतोय ना? मग डॉक्टर मेंदूची सोनोग्राफी कशाला करायची म्हणतात?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. थोडक्यात उत्तर असं: ९५ म्हणजे रक्तात ऑक्सिजन चढलाय. तो मेंदूला पुरेसा मिळतोय का, हे त्या आकड्यात नसतं. हे मोजायचं दुसरं यंत्र आहे, आणि त्या यंत्राची गोष्ट फार गुंतागुंतीची आहे. तीच आज सांगणार आहे. आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. मी वाचते, विचारते आणि तुम्हाला सोपं करून सांगते. तुमच्या बाळाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

आधी हे 'कमी दिवसांचं बाळ' म्हणजे कोण?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं प्रत्येक बाळ कमी दिवसांचं. २०२० या एका वर्षात जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली आणि त्यातली ३० लाखांच्या आसपास भारतात. म्हणजे पाचातलं एक आपल्याकडचं.

आपल्याकडे आजी लोक म्हणतात, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही." मंडळी, हे अजिबात खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. २८ आठवड्यांपेक्षा ३० बरे, ३० पेक्षा ३३ बरे. सर्वात नाजूक असतात ती २८ आठवड्यांच्या आत आलेली बाळं. त्यांची फुप्फुसं तयार नसतात, कातडी पातळ असते आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या अगदी तकलादू. मेंदूत रक्तस्राव व्हायचा असेल तर तो बहुतेक वेळा जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत होतो. हे ७२ तास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

बोटाचा चिमटा नक्की काय मोजतो?

कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आला. बोट घातलं की आकडा. काहींच्या हातातल्या घड्याळातसुद्धा आता ही सोय असते. पण आत काय चालतं?

रात्री लाइट बंद करा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट ठेवा. बोट लालभडक दिसेल. कारण लाल प्रकाश मांसातून बराच आरपार जातो, निळा-हिरवा रक्तातच अडकतो. ऑक्सिमीटर हीच गोष्ट वापरतो. तो दोन प्रकारचे प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन चाललं असेल तर ते एका प्रकाशाला जास्त अडवतं, रिकामं असेल तर दुसऱ्याला. दोन्हींचा हिशोब केला की टक्का मिळतो.

यातली खरी युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात नवं रक्त येतं. जो भाग ठोक्याबरोबर कमी-जास्त होतो तेवढाच मोजायचा, बाकी कातडी-हाड-मांस सोडून द्यायचं. म्हणजे फक्त धमनीतलं, हृदयाकडून नुकतं आलेलं रक्त मोजलं जातं. नावातच 'पल्स' आहे ते यासाठी.

एनआयसीयूतल्या बाळाला चिमटा लावत नाहीत. हाताला किंवा पायाला मऊ पट्टी गुंडाळतात. जन्मल्या जन्मल्या ती उजव्या हाताला लावतात. कारण पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ एक जादा नळी असते, ती जन्मानंतर लगेच बंद होत नाही. उजव्या हाताला जाणारं रक्त त्या नळीच्या आधीच फुटतं, आणि मेंदूकडे जाणारं रक्तही त्याच रस्त्यावरचं.

एक धोक्याची सूचना इथेच देते. मोठ्यांचा बोटाचा चिमटा घरी आणलेल्या बाळाच्या बोटाला किंवा अंगठ्याला लावून आकडा बघू नका. तो त्या मापासाठी बनलेलाच नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यावरून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर तर बाळाच्या बाबतीत बिलकूल विसंबू नका. बाळ निळसर पडलं, दूध ओढेना किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर आकडा शोधत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

बोरघाटातले ट्रक

आता मुख्य मुद्दा. आपण मावळातली माणसं, घाटाचं उदाहरण आपल्याला लगेच कळेल.

समजा वाशी मार्केट म्हणजे फुप्फुस. हिमोग्लोबिन म्हणजे ट्रक. ऑक्सिजन म्हणजे माल. आणि घाटावरचं लोणावळा म्हणजे बाळाचा मेंदू. ट्रक वाशीला माल भरतात, घाट चढून लोणावळ्यात येतात, थोडा माल उतरवतात आणि परत जातात.

ऑक्सिमीटर म्हणजे खालापूरच्या टोलनाक्यावर बसलेला माणूस. तो एकच गोष्ट सांगतो: वर चाललेल्या १०० ट्रकपैकी ९५ भरलेले आहेत. छान. पण तासाला किती ट्रक सुटतायत? घाटात दरड पडली का? शनिवार-रविवारची गर्दी लागून सगळे जागच्या जागी उभे आहेत का? हे तो सांगत नाही. घाट ठप्प असला तरी त्याच्या वहीत ९५ च लिहिलेलं असतं. अन् तिकडे लोणावळ्याच्या बाजारात भाजी संपलेली असते.

डॉक्टरांची नेमकी हीच अडचण असते. ९५ बघून टोलनाक्याची बातमी कळते, बाजाराची नाही.

कपाळावरची पट्टी

मग बाजाराची बातमी कशी काढायची? १९७७ मध्ये फ्रान्स यॉब्सिस या शास्त्रज्ञानं 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की लाल रंगाच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जातो आणि त्यावरून मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो. १९८० च्या दशकात हे तंत्र नवजात बाळांवर वापरायला सुरुवात झाली. बाळाची कवटी पातळ आणि डोकं लहान, त्यामुळे प्रकाश आत पोचायला सोपं. या तंत्राला डॉक्टर 'निर्स' म्हणतात.

दिसायला अगदी साधं. बाळाच्या कपाळावर एक छोटी चिकटपट्टी. तिच्यात एका बाजूला प्रकाश सोडणारा दिवा आणि थोड्या अंतरावर तो पकडणारे दोन डोळे. जवळच्या डोळ्याला कातडी आणि हाडातून आलेला प्रकाश जास्त दिसतो, लांबच्या डोळ्याला खोलवर जाऊन आलेला. एकातून दुसरा वजा केला की मेंदूच्या वरच्या थराची बातमी मिळते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. काळजी एवढीच घ्यावी लागते, की बाळाची नाजूक कातडी पट्टीखाली दाबली जाऊ नये. काही वेळा दुसरी पट्टी कमरेच्या बाजूला मूत्रपिंडावर किंवा पोटावर आतड्यासाठी लावतात.

हे यंत्र ठोक्याची वाट बघत नाही. त्याला बाजारातले सगळेच ट्रक दिसतात, येणारेही आणि माल उतरवून परत चाललेलेही. मेंदूत कोणत्याही क्षणी साधारण तीन हिस्से रक्त परतीच्या वाटेवरचं असतं आणि एक हिस्सा येणारं. म्हणून इथला आकडा ऑक्सिमीटरपेक्षा कमीच दिसतो. बहुतेक नवजात बाळांमध्ये तो ५५ ते ८५ च्या दरम्यान असतो. नातेवाईक ६८ आकडा बघून घाबरतात, पण इथे ६८ हा चांगला आकडा आहे.

खरी गंमत दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर कळते. हाताला ९५ आणि कपाळाला ७० असेल, तर २५ चा फरक. ९५ मधले २५ म्हणजे साधारण २६ टक्के माल उतरवला. आता समजा हाताला ९५ च आहे, पण कपाळाचा आकडा ५० वर आला. फरक ४५, म्हणजे जवळपास ४७ टक्के माल उतरवला. याचा अर्थ ट्रक कमी येतायत, म्हणून मेंदू आलेल्या प्रत्येक ट्रकमधून जवळपास दुप्पट माल ओरबाडून घेतोय. असं फार काळ चालत नाही. आणि टोलनाक्यावर अजूनही ९५ च लिहिलेलं आहे!

९५ असताना मेंदू उपाशी कसा राहतो?

याची चार नेहमीची कारणं.

पहिलं, रक्त कमी. ऑक्सिमीटर टक्का सांगतो, ट्रकची संख्या नाही. १०० ट्रकमधले ९५ भरलेले असोत की ६० मधले ५७, टक्का तोच. कमी दिवसांच्या बाळांना रक्त लवकर कमी पडतं. एक तर त्यांचं शरीर नवं रक्त हळू तयार करतं, त्यात तपासण्यांसाठी थोडं थोडं काढलंही जातं.

दुसरं, ती हृदयाजवळची जादा नळी उघडी राहणं. मग शरीराकडे जायचं रक्त परत फुप्फुसात वळतं. म्हणजे ट्रक घाट चढायच्या आधीच पुन्हा वाशीकडे फिरतात. माल भरलेला आहे, पण लोणावळ्यात पोचत नाही.

तिसरं, रक्तदाब. आपल्या मोठ्यांच्या मेंदूला स्वतःचा पुरवठा सांभाळता येतो, दाब थोडा खाली-वर झाला तरी आतला प्रवाह तो सारखा ठेवतो. फार लवकर आलेल्या बाळात ही यंत्रणा कच्ची असते. दाब पडला की प्रवाह पडतो, दाब उसळला की प्रवाह उसळतो, आणि त्या उसळीत तकलादू वाहिन्या फुटू शकतात.

चौथं कारण ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: व्हेंटिलेटरनं जास्तच श्वास देणं. श्वास जोरात दिला की कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर धुऊन निघतो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. ऑक्सिमीटरचा आकडा तेव्हा सुंदर दिसत असतो आणि मेंदूकडचा रस्ता अरुंद झालेला असतो.

आता त्या कामशेतच्या दादांच्या प्रश्नाकडे येऊ. डॉक्टर सोनोग्राफी का करतात? कारण बाळाची टाळू मऊ असते, तिथून मेंदूच्या आत बघता येतं, रक्तस्राव झालाय का ते दिसतं. ९५ या आकड्यात ते कधीच दिसणार नाही. तेव्हा बहिणीला सांगा, सोनोग्राफी म्हणजे काहीतरी बिघडलंय असं नाही. कमी दिवसांच्या बाळांमध्ये ती नेमाची तपासणी आहे.

मग ही पट्टी सगळ्याच बाळांना का लावत नाहीत?

इथपर्यंत ऐकून कोणालाही वाटेल, अरे, हे यंत्र प्रत्येक एनआयसीयूत हवंच! संशोधकांनाही तसंच वाटत होतं. म्हणून त्यांनी तपासून बघितलं.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं युरोपात एक अभ्यास झाला. २८ आठवड्यांच्या आतली १६६ बाळं. निम्म्यांच्या कपाळाचा आकडा डॉक्टरांना दिसत होता आणि तो घसरला तर काय करायचं याची यादी हातात होती. उरलेल्या निम्म्यांचा आकडा झाकून ठेवला होता. २०१५ मध्ये निकाल आला. आकडा दिसत असलेल्या गटात मेंदूला ऑक्सिजन कमी पडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं. सगळे खूष.

पण ऑक्सिजनचा आकडा सुधारला म्हणजे बाळ वाचलं का? त्यासाठी मोठा अभ्यास झाला. १७ देश, ७० रुग्णालयं, १६०१ बाळं, सगळी २८ आठवड्यांच्या आतली, पट्टी पहिले ७२ तास. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पट्टी बघून उपचार केलेल्या गटात मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा ३५.२ टक्के. नेहमीच्या पद्धतीनं उपचार केलेल्या गटात ३४ टक्के. म्हणजे फायदा दिसला नाही.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. ३२ आठवड्यांच्या आतली ६०७ बाळं, पट्टी जन्मानंतर लगेचच्या पहिल्या १५ मिनिटांत. मेंदूला इजा न होता वाचलेली बाळं पट्टीच्या गटात ८२.९ टक्के, दुसऱ्या गटात ७८.५ टक्के. फरक आशा वाटावी असा, पण तो योगायोगानंही आलेला असू शकतो, असं गणित सांगतं.

असं का झालं असेल? मला त्यातून कळलेली गोष्ट अशी: आकडा कळणं आणि त्या आकड्यावर योग्य उपाय हातात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा घसरला तर डॉक्टर रक्त देतील, औषधानं रक्तदाब वाढवतील, व्हेंटिलेटर बदलतील. यातल्या प्रत्येक उपायाची स्वतःची जोखीम आहे. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकाच बाळावर वेगळा आकडा दाखवू शकतात, दहा-दहा अंकांपर्यंत फरक पडतो. त्यात यंत्र महाग आणि पट्टीचा खर्च प्रत्येक बाळामागे वेगळा.

याचा अर्थ यंत्र टाकाऊ आहे, असा काढू नका. हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना किंवा गुंतागुंतीच्या आजारात काही ठिकाणी डॉक्टर ते वापरतात आणि त्यांना त्यातून दिशा मिळते. पण तुमच्या बाळाच्या रुग्णालयात ही पट्टी नसेल, तर "आपण बाळाला चांगल्या ठिकाणी नेलं नाही" असं मनाला लावून घेऊ नका. आजच्या पुराव्यानुसार तिच्या नसण्यामुळे तुमचं बाळ मागे पडलं, असं म्हणता येत नाही.

"ऑक्सिजन वाढवा ना डॉक्टर"

माझ्या मावसबहिणीचं बाळ ३० आठवड्यांचं होतं. एनआयसीयूबाहेर आमचे एक काका डॉक्टरांना सारखं म्हणत होते, "९२ कशाला ठेवताय, १०० करा ना!" त्यांचा जीव तुटत होता, हे मला दिसत होतं. पण १०० करणं हा उपकार नाही.

१९४० आणि ५० च्या दशकात श्रीमंत देशांत नवी इन्क्युबेटर आली आणि कमी दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन द्यायला सुरुवात झाली. बाळं वाचली, पण जगभरात सुमारे १०,००० मुलं आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी दाखवून दिलं की याचा संबंध जास्तीच्या ऑक्सिजनशी आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नऊ महिने पूर्ण होईपर्यंत वाढत असतात. ऑक्सिजन जास्त झाला की त्यांची वाढ थांबते, आणि मग काही आठवड्यांनी त्या वेड्यावाकड्या वाढून पडदाच ओढून काढतात. याला आरओपी म्हणतात.

मग घाबरून सगळ्यांनी ऑक्सिजन एकदम कमी केला. डोळे वाचले, पण मृत्यू वाढले.

मधला रस्ता कुठे आहे, हे कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली. पाच मोठ्या अभ्यासांतल्या जवळपास ५००० बाळांची आकडेवारी २०१८ मध्ये एकत्र मांडली गेली. एका गटाचं लक्ष्य ८५ ते ८९, दुसऱ्याचं ९१ ते ९५. कमी ऑक्सिजनच्या गटात आरओपीचे उपचार १०.९ टक्के बाळांना लागले, जास्तीच्या गटात १४.९ टक्के. पण कमी ऑक्सिजनच्या गटात १९.९ टक्के बाळं दगावली, जास्तीच्या गटात १७.१ टक्के. म्हणून आता बहुतेक ठिकाणी ऑक्सिजन चालू असलेल्या बाळाला ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात. त्याच्या वरही नाही, खालीही नाही. बाळ बाहेरच्या ऑक्सिजनशिवाय, साध्या हवेवर असेल आणि आकडा ९८ दिसला तर हरकत नाही. धोका आपण बाहेरून दिलेल्या जास्तीच्या ऑक्सिजनचा असतो.

म्हणून मॉनिटरचा अलार्म दोन्ही बाजूंना वाजतो. ९५ च्या वर गेल्यावर सिस्टरनं ऑक्सिजन कमी केला, तर ती तुमच्या बाळाचे डोळे सांभाळतेय.

मावळातून पुण्यापर्यंत

आता आपल्या इथलं बोलू. लोणावळ्याहून पुणे ६५ किलोमीटरच्या आसपास. आंदर मावळातल्या किंवा पवन मावळातल्या एखाद्या वाडीवरून आधी मुख्य रस्त्यालाच यायचं, मग पुढे. त्यात जुलैचा पाऊस, धुकं आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची रांग. तळेगावला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, औंधच्या जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी एसएनसीयू आहे, पुणे आणि पिंपरीत मोठी रुग्णालयं आहेत. पण रस्त्यातल्या त्या एक-दोन तासांत कपाळावरची पट्टी नसते. साधा ऑक्सिमीटरसुद्धा बाळाचा हात गार पडला की नीट चालत नाही.

म्हणून जाणकार सांगतात की शक्य असेल तर बाळाला नंतर हलवण्यापेक्षा आईलाच आधी हलवा. सातव्या-आठव्या महिन्यात पोटात कळा आल्या, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. १०८ ला फोन करायचा. बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं वेळेत मिळाली तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते. सरकारी योजनेत आईला आणि आजारी नवजात बाळाला दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे, ती हक्कानं मागा.

आणि बाळ बाहेर आल्यावर हलवावंच लागलं, तर ऊब. डोक्याला टोपी, अंग कोरडं, आणि डॉक्टर हो म्हणाले तर आईच्या किंवा बाबाच्या उघड्या छातीवर. थंड पडलेलं बाळ ऊब टिकवण्यासाठी ऑक्सिजन आणि साखर दोन्ही जास्त जाळतं.

याच छातीवरच्या उबेचा, म्हणजे कांगारू केअरचा, एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह पाच देश, १ किलो ते १.८ किलोच्या आतली ३२११ बाळं. जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली. प्रकृती स्थिरावेपर्यंत थांबून मग छातीशी दिलेल्या गटात १५.७ टक्के. दोन्ही गटांना बाकी उपचार मिळत होतेच. आता हा अभ्यास आणि पट्टीचा अभ्यास यांची थेट तुलना करू नका, बाळं वेगळी होती. पण लाखोंचं यंत्र जिथे फरक दाखवू शकलं नाही, तिथे आईच्या छातीनं दाखवला, हे मला सोडून देता येत नाही.

पुण्यातली १८ वर्षांची मोजणी

शेवटचा मुद्दा. हा सगळा खटाटोप मेंदू वाचवण्यासाठी. मग मेंदू वाचला की नाही, हे कळतं कधी? ७२ तासांनी नाही. बाळ शाळेत गेल्यावर.

आणि ही मोजणी आपल्या पुण्यात झालेली आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या एनआयसीयूमधून १९८७ ते १९८९ च्या काळात घरी गेलेल्या, जन्माच्या वेळी २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. एक-दोन वर्षं नाही, मुलं १८ वर्षांची होईपर्यंत. 'पुणे लो बर्थ वेट स्टडी' नावानं तो ओळखला जातो. विचार करा, तेव्हा ना मोबाईल, ना व्हॉट्सॲप. पत्ते बदललेली कुटुंबं शोधून मुलांना परत परत तपासायला बोलवायचं.

१२ व्या वर्षी दिसलं ते असं: या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेतच होता, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडा कमी. गणितासारख्या गोष्टींत अडचणी जास्त. जी मुलं लवकरही जन्मली आणि त्या आठवड्यांच्या मानानं वजनालाही कमी होती, त्यांना सर्वात जास्त त्रास. म्हणजे बहुतेक मुलं शाळेत गेली, शिकली, पण काहींना मदतीची गरज होती. आणि ती मदत मिळायला आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवं. तपासणी चालू असेल तरच ते येतं.

नेमकी इथेच आपल्याकडे कडी तुटते. बाळ घरी आलं, वजन वाढायला लागलं, की घरातले म्हणतात, "आता बरंय, कशाला पुण्याला हेलपाटा?" त्यात भातलावणी चालू असेल तर विचारूच नका.

म्हणून या पाच गोष्टी लिहून घ्या, किंवा स्क्रीनशॉट काढा:

१. डोळे ३० दिवसांत. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या बाळाची आरओपी तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत. फार लहान बाळाची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाळ त्याआधी घरी आलं असेल तरीही. पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या ठिकाणी ही तपासणी होते. आजार वेळेत सापडला तर लेझर किंवा इंजेक्शननं दृष्टी वाचते. काही आठवडे उशीर झाला, तर नाही.

२. डिस्चार्ज कार्डावर बघा. मेंदूची सोनोग्राफी, डोळे आणि कान, या तिन्हींची नोंद आहे का? पुढची तारीख लिहिली आहे का? नसेल तर तिथेच विचारा.

३. आकडा विचारायचा तर असा विचारा: "बाळाचं लक्ष्य किती ते किती आहे? ऑक्सिजन किती टक्के चालू आहे?" ९५ दिसण्यासाठी २५ टक्के ऑक्सिजन लागतोय की ७० टक्के, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

४. कांगारू केअर आणि आईचं दूध. "कधी सुरू करू शकतो?" हे रोज विचारा. बाबा, आजी, मावशी, कोणीही छातीशी धरू शकतं.

५. आशाताईला दारातून परत पाठवू नका. घरी आल्यावर ती ठरलेल्या दिवशी बाळ बघायला येते. वजन, ताप, दूध ओढणं यातला बदल तिच्या लवकर लक्षात येतो.

मोठ्या माणसांना मॉनिटरची भाषा कळत नाही, ती तुम्हाला कळते. घरातल्या कोणाचं बाळ पेटीत असेल, तर एनआयसीयूच्या बाहेर बसून आकड्याचे फोटो ग्रुपवर टाकण्यापेक्षा ३० व्या दिवसाचा रिमाइंडर फोनमध्ये लावा आणि त्या दिवशी बाळाला घेऊन जायला गाडी कोणाची, हे आजच ठरवा.

हा भाग तुमच्या गावच्या आशाताईला आणि घरात बाळंतपण जवळ आलेल्या प्रत्येकाला पाठवा. प्रश्न असतील तर नेहमीसारखी व्हॉइस नोट टाका, पण एक मिनिटाच्या आत हं! पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.